संथ आवाजाची शिफारस

कुणाला काही सुचवायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. हॉटेलात वेटरने "काय आणू?" विचारलं तरी मी आधी शेजारच्या टेबलाकडे बघतो. एकतीस वर्षं मी एका प्रकाशन संस्थेत पुस्तकांच्या सूची केल्या. पुस्तकाच्या शेवटी बारीक टायपात काही पानं असतात, कोणता विषय कुठे आला आहे ते सांगणारी. ती माझी. त्या कामात स्वतःचं मत घालायला जागा नसते आणि ते मला फार मानवलं. निवृत्त होईपर्यंत "माझ्या मते" हे दोन शब्द मी कधी कागदावर लिहिले असतील असं वाटत नाही.

तरीही गेली दोन वर्षं आमच्या वाचनालयाच्या मासिक पत्रकाचं शेवटचं पान मी लिहितो. ते ग्रंथपालबाईंनी माझ्या गळ्यात मारलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकांबद्दल सगळेच लिहितात. तुम्ही बाकीचं लिहा. नवीन गाणी, नवीन पॉडकास्ट, फोटो, चित्रं. एवढ्या ढिगातून काय उचलावं ते लोकांना कळत नाही."

"मला तरी कुठे कळतं?"

"म्हणूनच म्हणते. ज्यांना कळतं त्यांचं लिहिलेलं वाचवत नाही."

तेव्हापासून दर महिन्याला चार शिफारशी. एक गाण्याची, एक पॉडकास्टची, एक फोटोंची, एक चित्राची. मी स्वतःला दोन नियम घालून घेतले. तीन वेळा ऐकल्या-पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि जे आवडलं नाही त्याबद्दल लिहायचंच नाही. दुसरा नियम ऐकायला सभ्य वाटतो, पण खरं सांगायचं तर तो भित्रेपणाचा आहे. नावडलेल्या गोष्टीबद्दल लिहिलं तर ती करणारा माणूस कधीतरी समोर येईल, ही माझी भीती. आवडलेल्या गोष्टीने कुणी दुखावेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मार्चच्या पत्रकात मी पहिली शिफारस दोन बहिणींच्या नव्या गाण्यांची केली होती. एक गाते आणि दुसरी नुसती मोठ्या तंतुवाद्यावर खर्ज धरते. तिसऱ्या गाण्यात खर्ज अचानक थांबतो आणि गाणारी एकटी पडते, ते मला फार आवडलं होतं. फोटोंमध्ये एका क्ष-किरण तंत्रज्ञाचं छोटं प्रदर्शन होतं, दुकानांबाहेर ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्यांचं. चित्रांमध्ये एका तरुण मुलीने लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर कोरून छापलेली जिन्यांची चित्रं होती. आणि पॉडकास्ट होता 'कामाच्या जागी'. त्यात एक बाई दर शनिवारी कुणातरी कारागिराकडे जाते आणि तो काम करत असतानाच त्याच्याशी बोलते. मी सोळावा भाग ऐकला होता, एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा.

त्याबद्दल मी जे लिहिलं ते इथे जसंच्या तसं देतो, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं.

"ही बाई बोलत नाही, एकेक शब्द टेबलावर ठेवते. प्रश्न विचारून झाला की ती थांबते आणि समोरच्याला हवा तेवढा वेळ देते. तिचा आवाज शब्द संपल्यावरही त्याच्यापाशी क्षणभर रेंगाळतो. सगळीकडे घाई चाललेली असताना इतकं संथ, इतकं निवांत बोलणारं कुणी आहे हे ऐकून मला माझा स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला. घाईत असणाऱ्यांनी जरूर ऐकावं."

पत्रक सोमवारी आलं. मंगळवारी सकाळी मी वाचनालयात गेलो तर वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी आमचे दंतवैद्य उभे होते. निवृत्त झालेत, पण सगळे अजून दंतवैद्यच म्हणतात. मोठा हसरा माणूस. दोन वर्षांत त्यांनी माझ्याशी हवेपलीकडचं काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात.

"तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात हो."

"मी?"

"'एकेक शब्द टेबलावर ठेवते.' काय चिमटा काढलाय. रक्त नाही, जखम नाही, आणि दात बाहेर. आम्हाला एवढी सफाई तीस वर्षांत जमली नाही."

मला काही समजलं नाही. पण समोरचा इतका खूश असला की "म्हणजे काय?" विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं. मी हसलो. तो माझा पहिला गुन्हा. टेबलाभोवती आणखी तिघे होते, तेही हसले. एक बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून वाटत नाही हं असं." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "पुढच्या महिन्यात कुणाचा नंबर?"

घरी येताना मी लांबचा रस्ता घेतला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. लोक माझ्याकडे वळून बघत होते. नेमकी कशाबद्दल शाबासकी मिळाली ते कळत नव्हतं, पण शाबासकी होती, आणि बहात्तराव्या वर्षी ती तपासून घ्यायची इच्छा होत नाही.

हिला सांगितलं. ही म्हणजे आमची बायको. शिवणकामाचं टेबल खिडकीशी लावून ती पडद्याला काठ घालत होती. तिने सुई थांबवली.

"चिमटा? तुम्ही?"

"तसं म्हणाले ते."

"तुम्ही डास मारायच्या आधीही त्याला दोन मिनिटं विचार करायला देता. तुम्ही कसले चिमटे काढताय. नीट विचारून या, काय म्हणत होते ते."

मी विचारून आलो नाही. बुधवारी गेलो, गुरुवारी गेलो, आणि दोन्ही दिवस लोकांनी मला चहा पाजला. दंतवैद्यांनी मला 'खवचटराव' असं नाव दिलं. शाळेपासून आजवर मला कुणी टोपणनाव ठेवलं नव्हतं, तेवढी दखलच कुणी घेतली नव्हती. ग्रंथपालबाईंनी पत्रकाच्या आणखी चाळीस प्रती काढल्या. मात्र त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी फोन घेऊन बसलो. 'कामाच्या जागी'चा नवा भाग नऊ वाजता येतो. नऊ वाजले, दहा वाजले, तो आला नाही. दुपारी बघितलं तर तिथे दोन ओळी होत्या. हा कार्यक्रम थांबवत आहे, आजवर ऐकल्याबद्दल आभार.

मी तसाच वाचनालयात गेलो. दुपारची वेळ, कुणी नव्हतं. ग्रंथपालबाई परत आलेली पुस्तकं लावत होत्या. मी म्हटलं, "तो पॉडकास्ट बंद झाला."

"झाला ना," त्या पुस्तकांकडे बघतच म्हणाल्या. "अजून काय व्हायचं होतं?"

"म्हणजे?"

त्या वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. मग पुस्तकं खाली ठेवली. "तुम्हाला खरंच माहीत नाही? ती मागच्या गल्लीत काम करते, फ्रेमच्या दुकानात. आपल्या वाचनखोलीतली सगळी चित्रं तिनेच मढवून दिलीत. सोमवारी पत्रक घ्यायला आली, इथेच उभ्याने वाचलं. 'बरोबरच आहे त्यांचं' म्हणाली, घडी घातली आणि गेली. मला वाटलं होतं तुम्ही निदान एवढे दुष्ट नसाल."

"पण मी तर स्तुती केली होती."

"संथ बोलते म्हणून?"

"हो."

त्यांनी मला काउंटरच्या आत बोलावलं, त्यांच्या कॉम्प्युटरपाशी. तोच सोळावा भाग लावला. तीच बाई, तोच लिफ्टवाला. पण तिच्या तोंडातून शब्द असे बाहेर पडत होते, जसे पिशवी फाटून वाटाणे सांडावेत. एक प्रश्न संपायच्या आत दुसरा, त्यात तिसऱ्याची शेपटी. श्वास कुठे घेत होती देव जाणे. मला दर चौथा शब्द समजत होता.

"ही ती नाही," मी म्हणालो.

"ही तीच आहे. शाळेपासून तिची टकळी अशीच चालते. सगळे तिला त्यावरून छेडतात, म्हणून तर तुमचं वाचून सगळे हसले."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. ग्रंथपालबाईंनी पाणी आणून दिलं. मग माझा फोन मागून घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि माझ्यासमोर धरला. एका कोपऱ्यात बारीक आकडा होता. तो सांगत होता की माझ्या फोनवर हे पॉडकास्ट निम्म्याहून थोड्याशाच जास्त वेगाने चालतात. आवाज जाड होत नाही, नुसता सावकाश होतो. सूची करताना स्वल्पविरामसुद्धा माझ्या नजरेतून सुटायचा नाही, आणि हा आकडा वर्षभर डोळ्यांसमोर होता.

"कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

ते मला विचारायची गरज नव्हती. माझ्या फोनला माझ्याशिवाय हात लावणारं घरात एकच माणूस.

"गेल्या वर्षी," घरी गेल्यावर ही म्हणाली. तिने पडदा मांडीवरून काढला सुद्धा नाही. "तुम्ही ऐकायला बसलात की दर मिनिटाला मला हाक. काय म्हणाली? आता काय म्हणाली? मला काठ घालू द्याल की नाही? म्हणून आधी वेग पाऊण केला. तरी तुमचं चालूच. मग आणखी खाली आणला. मग गप्प बसलात."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे न जाता नुसते आठ दिवस उदास बसला असतात. तुमच्या भावाच्या लग्नात फोटोग्राफर तुम्हाला ओरडला होता, ते तुम्ही अजून सांगता."

ते खरं होतं. मी विचारलं, "ती गाणी? दोन बहिणींची? तीही अशीच?"

"नाही. ती वेगळ्या ठिकाणी वाजतात. त्यांना मी हात लावलेला नाही."

तेवढाच दिलासा. ही उठून माझ्याशेजारी येऊन बसली. "आता काय करायचं?"

करायचं काय हे उघड होतं. त्या बाईंना सांगायचं की मी थट्टा केली नव्हती. पण ते सांगितलं की दुसरंही सांगावं लागणार. ज्यांनी मला खवचटराव म्हणून चहा पाजला त्यांना कळणार की हा म्हातारा खवचट नाही, नुसता कमी ऐकू येणारा आहे. मी कबूल करतो की शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ मी या दोन गोष्टी तोलत होतो. काही न बोलता गप्प राहणं ही माझी आयुष्यभराची सवय, आणि या वेळी तर गप्प राहिलं की वर टोपणनावही मिळत होतं. दंतवैद्यांचा फोन आला होता. पुढच्या महिन्याअखेरच्या सभासदांच्या बैठकीत मी पंधरा मिनिटं काहीतरी चुरचुरीत बोलावं असं त्यांच्या मनात होतं.

हिने तोडगा काढला. "पत्र लिहा. बोलायला जमत नाही ना, लिहायला तर जमतं."

मी रविवारी दुपारी चार पत्रं लिहिली. पहिल्यात लिहिलं, "आपल्या संथ आवाजाचं मी मनापासून कौतुक केलं होतं." हिने वाचलं आणि मान हलवली. दुसऱ्यात लिहिलं, "आपल्याला टोमणा मारण्याचा माझा हेतू मुळीच नव्हता." ती म्हणाली, "हे तर आणखी खवचट." तिसऱ्यात सगळी हकीगत होती, फोनचा वेग, माझे कान, पडद्याचा काठ. ते वाचताना तिलाच हसू आवरेना. "अहो, हे वाचून तिला वाटेल पहिल्याने पोट भरलं नाही म्हणून दुसरं पाठवलंय." चौथं मी तिला दाखवलंच नाही. एकदा माणूस खवचट ठरला की त्याचं साधं वाक्यसुद्धा वाकडं वाचलं जातं, हे मला त्या दिवशी समजलं.

"जावं लागेल," ही म्हणाली.

"तू येतेस?"

"मी आले तर तुम्ही माझ्यामागे उभे राहाल. मग माफी मलाच मागावी लागेल."

सोमवारी दहा वाजता मी दुकानाच्या दारात होतो. लांबट खोली, भिंतीवर फ्रेमचे कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, कच्च्या लाकडाचे. मधोमध मोठं टेबल आणि त्यावर जाड पुठ्ठा. पन्नाशीच्या एक बाई लोखंडी पट्टी दाबून पुठ्ठ्यात चित्रापुरती खिडकी कापत होत्या. पातं तिरकं धरलं होतं, म्हणजे खिडकीच्या कडेला पांढरी उतरती रेघ येते. हात अजिबात घाई करत नव्हते. तोंडाचं वेगळं होतं.

"या बसा ते स्टूल ओलं नाही नुसता डाग आहे, काय आणलंय, फोटो असेल तर गुरुवारी, मोठं असेल तर पुढच्या आठवड्यात, काच साधी की चमक न मारणारी?"

मला 'गुरुवार' आणि 'काच' समजलं. मी उभाच राहिलो आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य विसरलो. शेवटी म्हणालो, "पत्रकातलं शेवटचं पान मी लिहितो."

पातं थांबलं. त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं, टोक आपल्याकडे करून. मग म्हणाल्या, "चांगलं लिहिता," आणि पुन्हा काही बोलल्या नाहीत. त्यांना गप्प राहणं जमतं हे मला तेव्हा दिसलं, आणि ते फार वाईट होतं.

मी फोन काढून टेबलावर ठेवला आणि सोळावा भाग लावला, माझ्या वेगाने. त्यांचाच आवाज खोलीत आला, एकेक शब्द पाण्यातून वर आल्यासारखा. "किती... वर्षं... झाली... या... कामाला?" मग लिफ्टवाला, तोही तसाच. त्या ऐकत राहिल्या. एक मिनिट, दीड मिनिट. चेहऱ्यावर काही नाही.

"हे काय आहे?"

"मी असंच ऐकलं होतं. तिन्ही वेळा. वेग कमी करून ठेवलेला होता आणि मला माहीत नव्हतं. मला कमी ऐकू येतं. म्हणजे तेही मला शनिवारीच कळलं."

त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं की मी अशी बोलते?"

"हो."

"झोपेचं औषध घेतल्यासारखी?"

"मला ते निवांत वाटलं होतं."

त्या हसल्या, पण हसू पुरतं आलं नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि मला समजावं म्हणून मुद्दाम सावकाश बोलू लागल्या. ते त्यांना किती जड जात होतं ते दिसत होतं.

"हे बघा काका. लोक हसले त्याचं मला नवीन नाही. पण तुम्ही लिहिलेलं वाचताना पहिल्या दोन ओळींपर्यंत मला ते खरं वाटलं होतं. मला वाटलं, ऐकणाऱ्याला मी बरी वाटते. मग पुढे संथ-बिंथ आलं आणि कळलं की आपली टोपी उडवलीय. आता तुम्ही म्हणता थट्टा नव्हती. बरं. मग राहिलं काय? तुम्हाला जी बाई आवडली ती मी नाहीच."

याचा विचार मी घरी केला नव्हता. थट्टा नव्हती एवढं सांगितलं की काम झालं, असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी ड्रॉवरमधून कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन काढले. "रेकॉर्डिंगचे आहेत. यातून स्पष्ट ऐकू येतं. माझ्या वेगाने ऐका, आणि मग खरं काय ते सांगा. मला पुन्हा सुरू करायचं की नाही ते मी त्यावर ठरवीन असं नाही. पण सांगा."

त्यांना ते त्यावरच ठरवायचं होतं. मलाही ते कळलं होतं आणि त्यांनाही. मी त्यांच्याकडून पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि पेन्सिल मागून घेतली, कारण हातात पेन्सिल असल्याशिवाय मला नीट ऐकता येत नाही. त्या पुन्हा टेबलाशी गेल्या.

अडतीस मिनिटं मी ऐकलं. सुरुवातीला नुसताच दम लागला. मग हळूहळू शब्द सुटे होऊ लागले, सगळे नाहीत, पण पुष्कळ. मी मिनिटाचे आकडे टिपत गेलो. मधे गिऱ्हाईक आलं, गेलं. माझ्यासमोर त्या फ्रेमचे चार कोपरे शिकंज्यात आवळत होत्या आणि माझ्या कानात त्याच बोलत होत्या. दोघींचं एकमेकींशी काही नातं असेल असं वाटत नव्हतं.

संपल्यावर मी हेडफोन काढले. त्या वळल्या नाहीत. "बोला."

माझ्या घशाला कोरड पडली. "आवडलं" म्हणून उठता आलं असतं, आणि त्या ते खरं मानून घ्यायला तयार होत्या. पण तेच लिहून मी एकदा घोळ घातला होता. मी म्हणालो, "पहिल्याइतकं नाही आवडलं."

"पुढे."

"पहिली दहा मिनिटं मला तुमच्यामागे धावावं लागलं. अकराव्या मिनिटाला आणि बाविसाव्या मिनिटाला तुम्ही त्याला मधेच तोडलंत. बाविसाव्याला तो काहीतरी सांगणार होता. त्याने 'माझा मुलगा' म्हटलं, आणि तुम्ही दोरखंडाची जाडी विचारलीत. मग तो पुन्हा मुलाकडे आलाच नाही."

त्या आता वळल्या होत्या. "कुठे?"

मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी आकडे बघितले. "मला वाटलं, घरचा विषय निघाला तर तो अवघडेल. म्हणून मी पटकन..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "अजून काय?"

"एकतिसाव्या मिनिटाला तुम्ही विचारता, आत अडकला होतात तेव्हा भीती वाटली का. तो गप्प बसतो. पाना खाली ठेवल्याचा आवाज येतो. तुम्हीही काही बोलत नाही. सात सेकंद. मी मोजले. मग तो म्हणतो, 'अजून वाटते.'" मी हेडफोन टेबलावर ठेवले. "मी जे लिहिलं होतं ते बहुतेक या सात सेकंदांबद्दल होतं. माझ्याकडे ते लांबले होते, आणि मला वाटलं सगळा कार्यक्रमच तसा आहे. तो तसा नाही. पण ते सात सेकंद कुठल्याही वेगाने तसेच आहेत."

त्यांनी पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "कापायचे राहिले होते ते."

"काय?"

"गप्प बसलेल्या जागा मी कापून टाकते. लोकांना कंटाळा येतो. तेवढी एक नजरेतून सुटली." त्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या. "बाकीच्या भागांतल्या कापलेल्या जागा आहेत माझ्याकडे. फेकत नाही मी. कॉम्प्युटरवर पडून आहेत."

मी म्हटलं, "मला कापलेल्या जागांमधलं काही कळत नाही. मी फक्त सूची करायचो."

"मग ही सूचीच आहे की." त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा खिळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. नंतर भरभर बोलू लागल्या आणि मी हात वर केल्यावर थांबल्या, पुन्हा सावकाश म्हणाल्या, "मी हळू बोलणार नाही काका. हळू बोलायला गेले तर मला काय म्हणायचं होतं तेच विसरते. पण समोरच्याला तोडते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे नुसते हसतात. चहा घेणार?"

मी घेतला. चहा घेता घेता त्यांनी मला अकराव्या मिनिटाबद्दल तीनदा विचारलं.

एप्रिलच्या पत्रकात मी शेवटच्या पानाची सुरुवात दुरुस्तीने केली. मार्चमधली शिफारस कमी वेगाने ऐकून केली होती, ती थट्टा नव्हती, त्या बाई जलद बोलतात, आणि लिहिणाऱ्याला कमी ऐकू येतं. एवढंच. चार ओळींना दोन दिवस लागले. दंतवैद्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं काहीतरी घेऊन पळालो आहे.

"म्हणजे तुम्ही मनापासून लिहिलं होतं?"

"हो."

"सगळंच?"

"सगळंच."

"अरेरे," ते म्हणाले, आणि खरंच हळहळले. बैठकीत बोलण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. या वेळी पत्रकाच्या प्रतीही उरल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, उरल्या तर उरल्या, पाठीमागे कोरी जागा आहे, नोंदी करायला होतील.

सतरावा भाग काल, शनिवारी नऊ वाजता आला. चाव्या करणाऱ्या एका बाईचा. मी आकडा पूर्ण वेगावर आणून खिडकीशी बसलो. हिला हाक मारायची नाही असं ठरवून बसलो होतो, दोनदा मारलीच. वेग तोच आहे, वाटाणे तसेच सांडतात. मात्र चौदाव्या मिनिटाला त्या किल्लीवाल्या बाई मधेच अडखळल्या आणि आमच्या बाई त्यांच्या आधी बोलल्या नाहीत. नंतर काय उत्तर आलं ते मात्र मला दोन्ही वेळा नीट ऐकू आलं नाही. कानशीचा आवाज मधे येतो.

उद्या सोमवार आहे. दहा वाजता दुकानात जाऊन विचारणार आहे. लिहायचं ते त्यानंतर.